सरकारनं लावलेली जोडी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि हे तसंही कोणाला दाखवायचं नाही.

मी मुळातच कमी बोलते. अक्का माझ्या उलट. ती माझ्याच बराकीत होती. जेलमध्ये गिनतीला बायकांना जोडीनं बसवतात, आणि माझ्या शेजारी कायम अक्का.

सजा भोगून दोघी सुटलो, पण काम कोणी देईना. आमच्याकडे काम म्हणजे ऊसतोड, आणि ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्याला. मी आत असतानाच नवऱ्यानं दुसरं घर केलं. अक्का विधवा. म्हणजे दोघी अर्धा-अर्धा कोयता, वर जेलचा शिक्का.

अक्कानं चकलांब्याकडच्या सुटलेल्या आणखी चौघी गोळा केल्या. माजलगावला ऊसतोड बायकांसाठी सरकारी बैठक होती, तिथं आम्ही न बोलावता गेलो. दारात शिपाई होता. मी सवयीनं दोन्ही हात पसरून उभी राहिले, झडतीसाठी.

"बाई, हात कावून पसरलेत?" तो बिचकून म्हणाला. "मी काय तुमचा माहेरचा भाऊ हाय व्हय?"

अक्का हसून हसून भिंतीला टेकली. पण आत गेल्यावर तीच पहिली उठली.

"सायब, सुटताना हातात एस्टीचं भाडं ठेवतेत अन् गेट लावून घेतेत. रेशनकार्डावरलं नाव कटलेलं, हाताला काम न्हाई. आमी जावं कुठं, परत आत?"

साहेबांनी रेशनचं लिहून घेतलं. काम देणं मुकादमांच्या हातात, म्हणाले. पुढच्या रांगेतला एक मुकादम लगेच वळला.

"उचल घेऊन पळाल्या म्हंजे? अन् दोन बायांचा कोयता असतो का कुठं? जोडी लागती, जोडी!"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "मामा, आमची जोडी सरकारनं लावलीय. रोज मोजून घेत होते."

सगळी बैठक हसली. मुकादमालाही हसू आवरेना.

"ही बाई तर लई गरीब वाटली होती! बरं, तुमचा एक कोयता धरतो. उचल फिटली तर पुढल्या साली या चौघींचे बी दोन धरीन. बुडवली, तर जेलवाल्या बाईचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई."

हंगामभर मी ऊस तोडला. अक्कानं मोळ्या बांधल्या आणि दोघींच्या वाटचं बोलली. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय लटपटायचे. अक्का खालून ओरडायची, "पडू नको गं, माझा अर्धा कोयता मोडंल!" गावाकडून त्या चौघी फोन करायच्या. आधी "कशा हाव?" आणि लगेच "किती फिटली?"

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा त्या चौघी पहिल्या एस्टीनं आल्या आणि आमच्या खोपीपुढं बसल्या. जोडीनं, सवयीप्रमाणं. मुकादमानं हिशेब केला, पुन्हा केला. मग आमच्याकडं नाही, त्यांच्याकडं पाहून म्हणाला,

"फिटली. पै न् पै फिटली."