मेहरुनबीची कणीक

बिबवेवाडीत ट्रकच्या कमानीचे पाटे दुरुस्त करणारं एक गॅरेज आहे. त्याच्या मागे पत्र्याची शेड. पाटी नाही. सकाळी आठला घण वाजायला लागतो, ज्याला सुरी पाहिजे तो आवाजामागे जातो. आत मेहरुनबी. वय छप्पन्न, चष्म्याची एक काडी वायरने बांधलेली, कोपराला क्रेप बँडेज, तोंडात बडीशेप. नवरा शमशुद्दीन नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा गल्लीतले शहाणे म्हणाले, महिन्यात भट्टी विझणार. तेच शहाणे आता तिच्याकडे विळीला धार लावायला येतात. तीही देते लावून, पण सगळ्यात शेवटी.

ट्रकच्या मोडक्या पाट्यातून ती सुऱ्या बनवते, जंगलात न्यायच्या, कॅम्पला न्यायच्या. आयटीवाली पोरं त्याला बुशक्राफ्ट नाइफ म्हणतात. मेहरुनबी सुरीच म्हणते.

तिची एक रीत आहे, मूळची शमशुद्दीनची. पातं ठरलं की गिऱ्हाइकाच्या हातात घट्ट कणकेचा गोळा द्यायचा आणि मूठ आवळायला सांगायची. बोटांचे खळगे उठतात. गोळा वाळवायचा, त्याच्यावरून लाकडाची मूठ तासायची. पण मूठ एकदाच मागायची. शमशुद्दीन म्हणायचा, ज्याला दुसऱ्यांदा मागावी लागते त्याचं पहिल्यांदा लक्षच नव्हतं. तीस वर्षांत या शेडमध्ये कोणाला दुसऱ्यांदा मूठ मागितलेली नाही, हे मेहरुनबी आल्यागेल्याला ऐकवते. गॅरेजवाल्या वैजनाथला तर रोज, चहाबरोबर.

मागच्या डिसेंबरात एका सोमवारी रणजित आला. चाळिशीचा, कंपनीत मॅनेजर, अंगात सोळा खिशांची पँट.

"मावशी, मी सहा महिने रिसर्च केलाय," म्हणत त्याने लॅपटॉप ऐरणीवर ठेवला.

"ऐरण गरम आहे."

लॅपटॉप उचलला गेला. एक्सेलमध्ये चाळीस सुऱ्या होत्या, प्रत्येकीला मार्क दिलेले. "मला आठ इंची पातं पाहिजे. मागे करवतीचे दात, वरून काळं कोटिंग आणि मुठीत होकायंत्र."

"जंगलात काय कापणार?"

"म्हणजे... सर्व्हायव्हल."

"ते कसं कापतात मला ठाऊक नाही. लाकूड कापणार का?"

"हो ना. काटक्या, तंबूच्या खुंट्या. रविवारी मुलीला घेऊन कॅम्पला चाललोय. पूर्वा, दहा वर्षांची आहे. तिला शिकवायचंय."

"मग चार इंच बास. पाठ सपाट. दात आहेत तेवढे तोंडात राहू द्या. आणि आठ इंची घेऊन स्वारगेटला उतरलात, पोलिसाने बॅग उघडली, तर त्याला काय, एक्सेल दाखवणार?"

दारात चहा पीत उभा असलेला वैजनाथ खुसखुसला.

मेहरुनबीने तीन बिनमुठीची पाती चिंध्या गुंडाळून पुढे ठेवली, सोबत बाभळीची काटकी. तासून बघा म्हणाली. पहिलं पातं जाडजूड, रुबाबदार. चौथ्या फटक्याला साहेबांचं मनगट दुखायला लागलं. दुसरं लाकडात रुतून बसलं. तिसरं चार इंची, दिसायला अगदीच गरीब. त्याने काटकीवरून अशी लांब ढलपी काढली की रणजित सुरीकडे बघायचं सोडून ढलपीकडेच बघत बसला.

"हीच," तो म्हणाला. लॅपटॉप मिटला.

मग त्याने मोबाईल काढून शूटिंग लावलं आणि कणीक दाबली. शुक्रवारी संध्याकाळी सुरी न्या, असं ठरलं. ऊन उतरलं होतं, म्हणून मेहरुनबीने गोळा ओल्या फडक्याखाली ताटलीत झाकून घरात ठेवला. सकाळी उन्हात टाकू म्हणून.

मंगळवारी सकाळी ती चहात चपाती बुडवून खात होती.

"नाजिमा, आज चपाती जाड का गं?"

"कणीक घट्ट होती, अम्मी," सून म्हणाली. "एक कमी पडत होती. ताटलीत झाकलेला गोळा होता ना, तोच लाटला."

मेहरुनबीने हातातल्या अर्ध्या चपातीकडे पाहिलं. रणजितची मूठ त्यात कुठेच दिसत नव्हती.

"परत बोलवा त्यांना. दाबतील परत, त्यात काय," नाजिमा म्हणाली.

"जीभ आवर. वैजनाथ ऐकेल."

बुधवारी तिने रणजितला बोलावलं, घासलेलं पातं एकदा बघून जा म्हणून. सरबतासाठी लिंबू पिळायला दिलं. लिंबाने कुठलीच खूण ठेवली नाही. गुरुवारी परत बोलावलं. भट्टीला लिंपण करायचंय, जरा मातीला हात लावा. मूठ उठली की तेवढा गोळा ती गुपचूप उचलणार होती. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि तळहाताने अशी माती सारवली की बाळाचा गालही खरखरीत वाटावा.

"भाभी," वैजनाथ म्हणाला, "गिऱ्हाइकाकडून सारवून घेता आता? उद्या धुणं पण काढा."

नवल म्हणजे रणजित दोन्ही दिवस कुरकुर न करता आला. काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा.

शुक्रवारी पाच वाजता पातं तयार होतं, मूठ नव्हती. मेहरुनबी काय सांगायचं ते जुळवत होती, तेवढ्यात रणजितच म्हणाला, "मावशी, एक चूक झालीये. त्या दिवशी मी डाव्या हाताने दाबलं. उजव्यात मोबाईल होता. मी उजवा आहे. तुम्ही दुसऱ्यांदा मूठ घेत नाही असं या भाऊंनी सांगितलं, मग धीरच होईना."

"घ्या, भाभी," वैजनाथ म्हणाला. "चूक गिऱ्हाइकाची. तुमची तीस वर्षं शाबूत."

नाजिमाने आतून सुटकेचा श्वास टाकला. मान हलवली की सुटले. मेहरुनबीनेही ती हलवायला घेतली होती. मग बडीशेप चावता चावता थांबली. डावा हात. तीन फुटांवर गोळा दाबला होता त्याने, आणि तिला हात दिसला नव्हता. शमशुद्दीनला दिसला असता.

"साहेब," ती म्हणाली, "हात डावा का उजवा ते मी पाहिलंच नाही. तुमचं शूटिंग चालू होतं. मी ओढणी नीट करत होते."

तिने बडीशेप गिळली.

"आणि तुमची मूठ मी चहात बुडवून खाल्ली."

वैजनाथचा चहा त्याच्याच पायावर सांडला.

रणजितने हातातला मोबाईल खाली केला. "कशी होती?"

"जाड. मीठ कमी." तिने आत हाक मारली, "नाजिमा, कणीक आण. आणि साहेब, तो मोबाईल खिशात ठेवा. सोळा आहेत तुम्हाला, कुठल्याही ठेवा."

गोळा भट्टीच्या कडेला वाळला. शनिवारी दुपारी रणजितने सुरी हातात धरली आणि मग टेबलावर ठेवायलाच विसरला. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायला.

वैजनाथने गल्लीभर सांगितलं, ते सांगणारच. आता रोज चहाला आला की विचारतो, "भाभी, आज कोणाचा हात खाल्ला?" ती म्हणते, तुझा पाय भाजला होता तो बरा झाला का.

मुठीच्या कणकेत नाजिमा आता नीळ घालते. आणि गिऱ्हाईक मूठ आवळत असताना, समोर कितीही कॅमेरे असू देत, मेहरुनबी ओढणीला हात लावत नाही.