आईच्या खाटेवरचं वावर

शाळेने चित्रकलेचे तास बंद केले आणि मी जाम गावच्या चौरस्त्यावर टायरच्या दुकानात हवा भरायला लागलो. मुलांचा हात धरून रेषा काढायला शिकवणारा माणूस ट्रकची चाकं खोलतो, याचं तिथं कोणाला काही वाटत नसे. मला मात्र वाटे, आणि घरी येऊन ते सगळं मी बायकोवर काढत असे. ती ऐकून घ्यायची. कधीकधी नाही घ्यायची.

रंग विकत घेणं तर सुटलंच. घरं रंगवणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून डब्यांच्या तळाशी उरलेला रंग आणायचा आणि कॅनव्हासचं काम फ्लेक्सवर भागवायचं. आमच्याकडे कोणा भाऊंचा वाढदिवस उलटला की चौकातला फ्लेक्स कोणी ना कोणी उतरवून नेतोच, कापूस झाकायला नाहीतर गोठ्याला आडोसा म्हणून. मी एक नेला तो पाठीसाठी. पांढरी पाठ पॉलिश पेपरने घासली की रंग धरते. हिवाळाभर तिच्यावर मी एक वावर रंगवलं: कापूस फुटलेली पऱ्हाटी, बांधावरची बाभूळ, वर मोकळं आभाळ. ते नागपूरच्या एका प्रदर्शनाला पाठवायचं होतं. लागलं तर लागलं, नाहीतर ब्रश कायमचे बंद, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मग गारपीट झाली आणि छपराचे कवेलू फुटले, तेही नेमके आईच्या खाटेवरचे. आई पडल्यापासून कमरेतून अधू. तिला उठता येत नाही. रात्रभर आम्ही खाट इकडून तिकडे सरकवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर भिंतीवर लावलेलं चित्र जागेवर नव्हतं. आत गेलो. बायकोने त्याच्या कोपऱ्यांना भोकं पाडून, सुतळी ओवून ते आईच्या खाटेवर, कवेलूंच्या खाली ताणून बांधलं होतं.

माझं डोकं सणकलं. "विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं," बायको म्हणाली. "मायले पाण्यात ठेवायचं होतं का? चित्र खालच्या अंगानं केलं ना मी. पाणी पडलं तर त्या भाऊच्या तोंडावर पडन."

मी सुतळी सोडायला हात वर केला.

"थांब बापू," आई म्हणाली. ती वर बघत होती. "सकाळपासून वावरातच आहो मी."

कित्येक महिने तिने कवेलूंशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. राग कुठे गेला कळलं नाही. मला रडू आलं.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पण एवढ्या मोठ्या वावरात एकही माणूस काऊन नाई?"

"कोणाले काढू?"

"मले काढ," आई म्हणाली. "उभी."

प्रदर्शनाचं नाव कोणी काढलं नाही. बायकोने रंगाचे डबे आणून ठेवले, रंग ठिबकेल म्हणून आईच्या अंगावर एक जुनं लुगडं पसरलं आणि मी स्टुलावर चढलो.