अर्धपोटी कॉम्प्युटर

गल्लीत त्यांना नाव एकच, व्होल्टेजकाका. रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हापासून काकांचं ठाम मत, की यंत्राला अर्धपोटी ठेवावं. पोटभर वीज मिळाली की ते माजतं. घरातले दिवे इतके मंद, की काकू म्हणायच्या, संसार होत आला, पण ह्यांचा चेहरा काही नीट दिसला नाही.

काकू गेल्या, मागे एक कॅसेट राहिली. दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तपासायला काकूच माईकसमोर बसायच्या आणि तोंडाला येईल ते बोलायच्या. फीत आता इतकी विरली होती, की वाजलीच तर एकदाच वाजणार. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, तर हा गडी आवाज टिपता टिपता खरखर काढायच्या कामाला लावला की तापून बंद पडायचा. धूळ झाडली, पंखा बदलला, तरी गुण नाही. ऐन मध्यावर बंद पडला तर काकूंचं बोलणं कायमचं अर्धंच राहणार होतं.

लेकीने फोनवर सांगितलं, प्रोसेसरचं व्होल्टेज जरा उतरवता येतं. काम तेवढंच करतो, तापतो मात्र कमी. काकांची कळी खुलली. जन्मभर हेच तर सांगत आलो, म्हणाले. जराच उतरवा, असं लेक बजावत राहिली, पण ऐकतील तर काका कसले? एका दमात इतकं उतरवलं, की कॉम्प्युटरने मानच टाकली.

तिने सांगितलं तसा आतला छोटा सेल काढून परत बसवला, तेव्हा उतरवलेलं सगळं विसरून तो शुद्धीवर आला. मग एकेक पायरी उतरायची आणि प्रत्येक पायरीवर त्याला राबवून बघायचं. अडखळला तिथून काका दोन पायऱ्या वर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यंत्राला दोन घास जास्त वाढले. पेटीला हाताची पाठ लावून पाहिली. कोमट होती.

कॅसेट लावली. फीत शेवटाला पोचली आणि तुटली, पण कॉम्प्युटरने सगळं टिपलं होतं. काकांनी ते लेकीला पाठवलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"बाबा, आई एवढी कुणाला झापतेय? म्हणे, ह्या माणसाला घर आहे ह्याची कुणीतरी आठवण करून द्या."

"मलाच."

"तुम्ही तिथेच होता?"

"समोरच. बटण माझ्याच हातात होतं."

"मग बंद नाही केलंत?"



"टेप नीट झालाय, हे तर पहिल्या वाक्यालाच कळलं होतं गं."