पाच तुकड्यांचे फ्रेंच वाक्य

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, दुपारचा चहा. चाकणच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये हजर: ट्रेनिंगची रजिस्टरे सांभाळणारी मी, वेल्डिंग लाइनवरचे लातूरकडचे फिटरभाऊ, आणि मोबाइलवर वाकडहून माझी भाची. ती फ्रेंच शिकवते.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सहून एक बाई लाइन बघायला येणार होत्या. वेल्डिंगच्या वेळी पार्ट जागेवर धरून ठेवणारा नवा जिग भाऊंनी स्वतः डोके लढवून बनवला होता.

"मागच्या जिगच्या टायमाला साहेबांनीच सगळं सांगितलं. मी आपला मागं खांबावानी उभा," भाऊ म्हणाले. "या बारीला माझं मीच सांगणार. एकच वाक्य द्या ताई. हे मी केलं."

भाचीने लिहून पाठवले. भाऊ एकेक अक्षर उच्चारू लागले.

"काका, शेवटचा 'ट' खायचा!"

"खायचाच होता तर लिहिला कशाला? शाई वर आली का त्यांची?"

"वाक्य डोळ्यांनी नका तोडू, कानांनी तोडा."

मग मी कानावर पडले तसे देवनागरीत कार्डावर उतरवले: से / म्वा / की / ले / फे. खाली सूचना: सगळे तुकडे सारख्या वजनाचे, शेवटचा जरा लांब.

आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना सुरक्षेची शपथ होते. एकाने तुकडा म्हणायचा, बाकीच्यांनी मागून. बुधवारी बाईंसमोर भाऊंनी कार्ड शपथेच्याच थाटात छातीपुढे धरले.

"से!"

मागून अख्खी लाइन: "से!"

"म्वा!"

"म्वा!"

मी हात वर करीपर्यंत मंडळी "फे" ला पोचलीसुद्धा. जिग आपणच केला, असे चाळीस जणांनी एका सुरात जाहीर केले. भाऊंचा चेहरा उतरला.

बाईंनी हसू दाबत इंग्रजीत विचारले, "मग नक्की कोणी केला?"

मी लाइनला अर्थ सांगितला.

"आयला, राव!" एक वेल्डर म्हणाला, आणि सगळे हात भाऊंकडे वळले.

बाईंनी जिग भाऊंकडूनच उघडून घेतला, चांगली वीस मिनिटे. साहेब मागे उभे होते. जाताना बाईंनी लाइनसाठी वेगळे वाक्य सांगितले: से / ल्वी / की / ला / फे. हे त्यांनी केलं.

त्याचे कार्ड मी लावले आहे. पण "ल्वी" अजून एकाच्याही तोंडात बसत नाही, आणि बाई पुन्हा यायच्या आत चाळीस जणांची तालीम घ्यायची राहिली आहे.