नलूने लावलेली मोटर

नळ येणार म्हटलं की नलूचं कामात लक्ष लागायचं नाही. यवतमाळात नळ रोज कुठे येतात? आठवड्याने आले तरी लोक खूश. त्यात यंदा घरात लेक दीपमाला बाळंतीण, अन् लेकराची दुपटी धुवायला गुंडभर पाणी नाही.

नेमके नळ आले ते ती कामावर असताना. रत्नप्रभाकाकूंचा बंगला लाइनीच्या तोंडाशी, नलूची गल्ली पार शेवटाला, बुद्धविहारामागे. बंगल्यांनी नळाला मोटर लावली की खाली नुसती हवा फुसफुसते. हे साऱ्या गावाला ठाऊक, नलूला तर जास्तच. कारण काकूंकडची मोटर तीच लावायची. झाडू, पोछा, भांडी अन् मोटर, असं कामच ठरलेलं.

"नलू, नळ आले बघ. मोटर लाव," काकू आतून म्हणाल्या.

"लावतो, काकू."

तिने पिन हातात घेतली, पण बोर्डात घातली नाही. काकूंनी पाहिलं तर? हे घर सुटलं तर दुसरं कोण देणार? पण घटकाभर लाइन मोकळी राहू दे, एक ड्रम भरू दे, असं मनाशी म्हणत ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली. तेवढ्यात शेजारच्या वकिलांकडची मोटर घरघरायला लागली. मग समोरची.

तिने हळूच घरी फोन लावला. "आलं का वं पाणी?"

"करंगळीएवढी धार होती माय, तेही गेली," दीपमाला रडकुंडीला आली होती. "आता कसं करू?"

नलूचा जीव कासावीस झाला. मग तिला रागच आला, स्वतःचाच. आपण एकटीने बंद ठेवून कोणाचं भलं झालं? तिने पिन घातली. टाकी काठोकाठ भरली.

निघताना तिने चाचरत विचारलं, "काकू, दोन कॅन पाणी नेऊ का? घरी बाळंतीण हाय."

"अगं ने ना. पाण्याला कोणी नाही म्हणतं का?" काकू अगदी मनापासून म्हणाल्या. वर डिंकाचे लाडूही बांधून दिले.

"लय उपकार झाले," नलू म्हणाली.

गल्लीत शेजारची चंदाबाई रिकामा गुंड घेऊन कोरड्या नळापाशी बसली होती. "ज्यानं कोणं मोटर लावली ना, त्याचे हात झडो," ती म्हणाली.

नलूने तिच्या गुंडात अर्धी कॅन ओतली.