तिसऱ्या नंबरची निकिता

सुवर्णा गावित नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क आहे. आठवडाभर ती ट्रकवाल्यांशी हुज्जत घालते आणि रविवारी बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला टेबलाशी बसून सामन्याचे गुण लिहिते. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून ती खेळाच्या जोरावरच नाशिकला आली होती. चार वर्षं जिल्ह्याकडून खेळली, मग गुडघा गेला. पण कोर्ट काही सुटलं नाही.

गुण सगळेच लिहितात. सुवर्णा मात्र प्रत्येकीच्या नावापुढे आणखी दोन रकाने ओढायची. हिच्या पासमुळे दुसरीला मोकळा शॉट किती वेळा मिळाला, हा एक. आणि कुणी अंगावर धावून आलं की हिच्या हातून चेंडू किती वेळा गेला, हा दुसरा.

म्हणूनच शहराच्या महिलांच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक धनराज सर तिच्याकडे आले. त्यांना नव्या मोसमासाठी एक पॉइंट गार्ड हवी होती, म्हणजे चेंडू पुढे आणून सगळ्यांचा खेळ लावणारी. तिघी स्पर्धेत होत्या : नागपूरची वैष्णवी, मुंबईची राखी आणि येवल्याची निकिता.

"गुणांवर गेलो तर निकिताच पहिली," सर म्हणाले. "पण मला नुसते गुण नकोत. ताई, तुम्ही तिघींना एकाच मापानं मोजा आणि नंबर लावून द्या. पहिलीला घेतो, दुसरी राखीव."

सुवर्णा हो म्हणाली खरी, पण निकिता तिला परकी नव्हती. निकिताला तेराव्या वर्षी शालेय स्पर्धेत तिनंच हेरलं होतं. पैठणीच्या मागावर बसलेल्या तिच्या वडिलांना तिनंच गळ घातली होती, "पोरीला नाशिकला पाठवा, माझ्याकडे राहील." दोन वर्षं ती पोर सुवर्णाच्याच घरी राहिली, तिच्याच हातचं जेवली.

तीन रविवार, सहा सराव सामने. शेवटची बेरीज झाली तेव्हा कागदावर वैष्णवी पहिली होती, राखी दुसरी, निकिता तिसरी. सुवर्णानं मोबाइलवर सगळे सामने पुन्हा पाहिले. आपलंच मोजायला चुकलं असेल, अशी तिला आशा होती. चुकलं नव्हतं. अंगावर दोघी आल्या की निकिता गोंधळायची, पाठ फिरवायची आणि चेंडू घालवायची.

दुसरा रकाना गाळला तर निकिता दुसरी येत होती. सुवर्णानं तसा कागद उतरवूनही काढला. पण मग तिच्या मनात आलं : खऱ्या सामन्यात समोरच्या पोरी हेच हेरून निकितावर तुटून पडतील, तेव्हा हा रकाना कोण झाकणार? तिनं तो कागद फाडला आणि खरा होता तो सरांना दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निकिता थेट ऑफिसात आली.

"ताई, तुम्ही मला तिसरी लिहिलं?"

"हो."

"सगळ्यात जास्त गुण माझे हायत! अन् तुम्ही... तुमच्या घरात वाढले मी."

"म्हणून खोटं लिहू?"

निकिताचे डोळे भरले. सुवर्णानं तिला खुर्ची दिली आणि चहा मागवला. "रडायचं ते रड, पण आधी हे बघ," म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. चौथ्या सामन्यात एका मुलीचा पाय मुरगळला, म्हणून सरांनी वैष्णवी आणि निकिताला आठ मिनिटं एकाच बाजूनं खेळवलं होतं. चेंडू वैष्णवी आणत होती. निकिता मोकळ्या जागेत पोचत होती. पाच शॉट घेतले, त्यातले चार आत.

"मी तुला पॉइंट गार्डच्या मापानं मोजलं," सुवर्णा म्हणाली. "ते तुझं मापच नव्हे. तू शूटर आहेस."

"म्हंजी चेंडू तिनं आणायचा अन् मी नुसतं पळायचं? लहानपणापासून चेंडू माझ्या हातात हाय, ताई."

चहा तसाच ठेवून ती निघून गेली. सुवर्णानं डबा न उघडताच घरी नेला. आठ दिवस फोन नाही, काही नाही. नवव्या दिवशी सकाळी फोन आला. "शूटर म्हणून सरांना विचारून बघा," एवढंच बोलून निकितानं तो ठेवून दिला.

सुवर्णा धनराज सरांकडे गेली. "सर, तिसरा नंबर बरोबर आहे. निकिता चुकीच्या यादीत होती."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शूटरच्या जागेवर दोघी आहेत माझ्याकडे. महिनाभर सरावाला येऊ दे. पुढचं मी काही कबूल करत नाही."

पहिला आठवडा वाईटच गेला. निकिता चेंडूमागे धावायची, वैष्णवीच्या हातून तो मागून घ्यायची. शेवटी वैष्णवीच तिला म्हणाली, "अगं, तू माझ्याकडे बघत बसू नकोस. तू तिकडे पोच, चेंडू येईल." हळूहळू तो यायला लागला. महिन्याअखेरीस सरांनी निकिताशी करार केला, तिसरी शूटर म्हणून.

पाच सामने ती बाकावर बसून होती. सहाव्यात तिला बारा मिनिटं मिळाली आणि तिनं अकरा गुण केले. सामना संघ हरला, पण येवल्याहून वडिलांचा फोन आला. माग थांबवून सगळी गल्ली एका मोबाइलभोवती जमली होती म्हणे.

आता मोसमाचे चार सामने उरलेत. येत्या शनिवारच्या सामन्यासाठी पहिल्या पाच जणींत निकिताचं नाव आहे. सुवर्णानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. या सामन्याचे गुण दुसरं कोणीतरी लिहिणार आहे. ती प्रेक्षकांत बसून घसा बसेपर्यंत ओरडणार आहे.