कोमट तेल

शेजारच्या सुनेचं बाळ पायांवर घेऊन आई त्याला तेल लावत होती. घोट्यापासून वर, पोटरीवरून गुडघ्याकडे तिचे अंगठे सावकाश सरकत होते. ते पाहिलं आणि मी दारातच थबकले.

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा अंथरुणाला खिळले होते. एके दुपारी त्यांची पोटरी सुजली, ठणकू लागली. आईनं तिळाचं तेल कोमट केलं आणि पोटरी अशीच, खालून वर, मायेनं चोळली. दुखऱ्या पायाला आपल्याकडे दुसरं करतात तरी काय? संध्याकाळी बाबांना धाप लागली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात अडकली. पाय कुणी चोळला होता का?" माझा चेहरा बघून त्यांनीच घाईघाईनं जोडलं, "तशी ती आपोआपही सुटते."

त्या 'आपोआप'ला मी आजवर धरून बसले आहे. रक्ताला फक्त पुढे वाहणं ठाऊक. आपण काय घेऊन चाललोय, हे त्याला कुठलं कळायला? आईच्या हातांना तरी कुठं कळलं होतं?

बाळाचा डोळा लागला. पदराला हात पुसत आई म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या बाबांनाही किती बरं वाटलं होतं गं! शेवटचं तेवढं तरी माझ्या हातून झालं."

"हो, आई," म्हणत मी वाटी उचलली. तेल अजून कोमट होतं.